एवढ्याशा सुरीला एवढे पैसे कशाचे?

नायगाव स्थानकाच्या पश्चिमेला उमेळे. दक्षिणेला वसईची खाडी, खाडीपलीकडे भाईंदरचे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने. रुळांच्या पूर्वेला वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या औद्योगिक वसाहती. आणि आजूबाजूला केळी, पानवेली, फुले, भाजीपाला यांवर जगलेला वसईचा हिरवा पट्टा, जो आता इमारतींनी आक्रसत चालला आहे. या छोट्याशा टापूत पात्याच्या हत्याराचे जवळजवळ सगळे भाव सापडतात. पत्र्यातून ठोकून काढलेली, प्लॅस्टिकच्या मुठीची सुरी चाळीस-पन्नास रुपयांना मिळते. लोहाराने ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून घडवलेला कोयता किंवा सुरा काहीशे रुपयांना येतो. आणि मोबाइलवरून मागवलेली, न मिटणारी, चामडी म्यानातली बोटभर पात्याची सुरी तीन-चार हजारांच्या खाली उतरत नाही. तिन्हींचे काम कापण्याचेच. मग शेवटची सुरी विकणारा आपल्याला लुबाडतो आहे, की पहिली विकणारा काहीतरी वगळतो आहे? माझे म्हणणे असे, की या भावांमधला फरक लोखंडाचा नाही, माणसाच्या वेळेचा आहे. तो वेळ किती नगांत वाटला गेला आणि मुळात मोजला गेला की नाही, यावर सुरीचा भाव ठरतो.

आधी लोखंडाचा हिशेब संपवून टाकू, कारण तो लवकर संपतो. मुठीच्या टोकापर्यंत अखंड पट्टी जाणारी छोटी सुरी धरा: वीस सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटर रुंद, तीन मिलिमीटर जाड. हे पंधरा घनसेंटिमीटर पोलाद झाले. एका घनसेंटिमीटरचे वजन ७.८५ ग्रॅम, म्हणजे सगळे मिळून ११८ ग्रॅम. किलोला चारशे रुपयांचे चांगले पोलाद घेतले तरी ते पन्नास रुपयांच्या आत बसते; भंगारातल्या पाट्याचे तर पाच-दहा रुपयेच होतात. याला अपवाद आहे तो भुकटीपासून केलेल्या पोलादांचा. वितळलेल्या धातूचा फवारा मारून त्याची भुकटी करायची आणि ती प्रचंड दाबाखाली, उष्णतेत एकजीव करायची, ही पद्धत अमेरिकेतल्या क्रूसिबल कंपनीने १९७०च्या सुमारास बाजारात आणली. अशी पोलादे साध्या पोलादाच्या कित्येक पट महाग असतात आणि घासायलाही चिवट असल्याने घासपट्टे खातात. ती वापरली की कच्च्या मालाचा वाटा खरोखरच वाढतो. पण बाजारातल्या बहुतेक सुऱ्यांना हे कारण लागू नाही.

खरा खर्च पोलादाची सुरी होताना पडतो, आणि त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा तयार वस्तूवर दिसतच नाही. पट्टीला आकार दिल्यावर ती मऊच असते. तिला धार काढता येते, पण ती दोन भोपळे कापेपर्यंत टिकत नाही. धार टिकायची तर पात्याला पाणी द्यावे लागते. साधे कार्बनचे पोलाद आठशे-साडेआठशे अंशांपर्यंत लाल तापवायचे आणि क्षणात तेलात बुडवायचे. उष्णतामापक नसलेला लोहार रंगावरून अंदाज घेतो, काही जण लोहचुंबक लावून पाहतात. साधारण ७७० अंशांच्या पुढे पोलादाला चुंबक चिकटत नाही, मग त्याहून थोडे वर न्यायचे. कमी तापले तर पाते कडक होत नाही, जास्त तापले तर आतले कण मोठे होऊन ते ठिसूळ बनते. तेलातून बाहेर आलेले पाते काचेसारखे कडक असते, जमिनीवर पडले तर तुटू शकते. म्हणून ते पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास तास-दोन तास शेकायचे, म्हणजे कडकपणा थोडा सोडून चिवटपणा येतो. उघड्या पोलादावर या वेळी वाळक्या गवतासारखा पिवळा रंग चढतो. तो जांभळ्या-निळ्यावर गेला, म्हणजे पारा तीनशेकडे सरकला, की पाते स्प्रिंगसारखे लवचीक होते, पण धार धरण्याचा गुण बराच गमावते. या कामात थोडी पाती वाया जाणारच. बुडवताना एखादे वाकते, एखाद्यातून बारीक ‘टिंग’ ऐकू येते आणि तिथे केसाएवढी चीर पडलेली असते. त्या पात्यावर तोवर घातलेले सगळे तास भंगारात जातात आणि त्यांचा खर्च उरलेल्या पात्यांवर चढतो.

गंज न धरणाऱ्या पोलादाचे तंत्र याहून अवघड. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये जे क्रोमियमचे पोलाद वितळवले, त्याच्या वंशातली सगळी पाती साधारण हजार अंशांच्या पुढे, नेमक्या तापमानाला, शक्यतो हवा लागू न देता तापवावी लागतात. कोळशाच्या भट्टीत आणि भात्याच्या वाऱ्यावर हे साधत नाही. म्हणून छोटा कारागीर एकतर साध्या कार्बनच्या पोलादावर थांबतो, किंवा पाती हीट ट्रीटमेंटवाल्याकडे जॉबवर्कला देतो. तिथे भट्टी भरून माल आला तर किलोमागे दर परवडतो. दहा पाती घेऊन गेलेल्याला मात्र किमान आकार द्यावा लागतो, मग माल कितीही थोडा असो. वसईसारख्या खाऱ्या हवेत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. मासळी कापणाऱ्या हाताला गंज न धरणारे पाते हवे, आणि गावातल्या भट्टीतून ते निघू शकत नाही.

पाणी दिल्यानंतर घासणे येते आणि इथे तास सर्वाधिक जातात. कापण्याचे काम धारेच्या टोकाइतकेच तिच्या मागची जाडीही करते. तीन मिलिमीटरची पाठ धारेपाशी येईपर्यंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ झाली पाहिजे, आणि तीही दोन्ही बाजूंनी सारखी, मुठीपासून टोकापर्यंत. फिरत्या पट्ट्यावर पाते टेकवले की ते तापते. पातळ कडेला उष्णता पसरायला जागा नसते, त्यामुळे एक-दोन सेकंदांत तिथे निळा डाग उमटतो. तो डाग पॉलिशने झाकता येतो. गेलेले पाणी मात्र परत येत नाही. म्हणून कडक झालेले पाते हातमोजे न घालता, दर फेरीला पाण्यात बुडवत, बोटांना चटका जाणवेल त्याआधी उचलत घासतात. ही सावकाशी गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. स्वस्त सुरीत नेमकी हीच जागा वाचवलेली असते: पाते एकतर इतक्या पातळ पत्र्याचे असते की घासावेच लागत नाही, किंवा जाड ठेवून फक्त कडेला चटकन धार मारलेली असते. अशी सुरी पहिल्या दिवशी कागद कापून दाखवते आणि बटाट्यात पाचरीसारखी अडकते.

यावर पहिली हरकत अशी येते, की घडीच्या चाकूत खीळ, स्प्रिंग, कुलूप असे कितीतरी भाग असतात. न मिटणाऱ्या सुरीत एक पाते आणि एक मूठ. मग तीच कधीकधी महाग कशी? भाग कमी असतात हे खरे. पण घडीच्या चाकूची मूठच त्याचे घर असते, तर उघड्या पात्याला म्यान लागते आणि ते त्याच पात्याच्या मापाचे लागते. चामडे कापायचे, भिजवून पात्यावर बसवायचे, धारेच्या बाजूला शिलाई उसवू नये म्हणून आत पट्टी घालायची, भोके पाडून दोन सुयांनी शिवायचे. हाताने केले तर यात तास-दीड तास सहज जातो. शिवाय घडीच्या चाकूचे पाते लहान आणि सुट्टे असल्याने ते यंत्रावर हजारोंनी करता येते. अखंड सुरीत पाठीपासून मुठीच्या टोकापर्यंतचे सगळे पोलाद उघडे असते. मुठीचे लाकूड त्याच्या कडेशी हाताला न जाणवण्याइतके एकसंध घासावे लागते. भाग जोडण्याचे काम कमी, पण हाताने जुळवण्याचे काम जास्त, असा हा सौदा आहे.

दुसरी हरकत आकाराची: लहान सुरी मोठ्या सुऱ्यापेक्षा बरीच स्वस्त हवी. शिंप्याकडे लहान मुलाच्या सदऱ्याला कापड अर्धे लागते, पण शिलाई अर्धी होत नाही, कारण कॉलर, बाह्या, काजे-बटणे तेवढीच असतात. छोट्या सुरीतही पोलाद वाचते, कामाचे टप्पे तेवढेच राहतात, आणि पातळ कडा लवकर तापत असल्याने काही टप्पे उलट नाजूक होतात.

आता सगळे आकडे एकत्र मांडून पाहू. हे आकडे नमुन्यादाखल धरलेले आहेत, पण प्रमाण कळायला पुरेसे आहेत. कुशल कारागिराचा रोज हजार रुपये धरला, आठ तासांचा दिवस, म्हणजे तासाला सव्वाशे. घडवणे, घासणे, मूठ, म्यान मिळून एका सुरीला सहा तास, म्हणजे साडेसातशे रुपये. पोलाद, लाकूड, चामडे मिळून तीनशे, घासपट्टे दीडशे, भट्टी, वीज, गाळ्याचे भाडे दोनशे. बेरीज चौदाशे. दहांतले एक पाते वाया गेले तर साडेपंधराशेच्या आसपास. दुकानदाराने विक्रीच्या किमतीचा एक तृतीयांश ठेवला तर भाव तेवीसशे पंचवीस, त्यावर अठरा टक्के जीएसटी धरला की पावणेतीन हजार. यात कारागिराचा नफा, यंत्रांची झीज आणि शिकताना बिघडवलेली पाती धरलेलीच नाहीत. पावणेतीन हजारांतले कारागिराच्या हाती आले साडेसातशे, जेमतेम चौथ्या हिश्शाहून थोडे जास्त. हाच हिशेब जर्मनीतल्या किंवा अमेरिकेतल्या मजुरीने केला तर सुरी शंभर-दोनशे डॉलरवर का जाते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पण मग स्वीडनच्या मोरा गावची सुरी? ही हरकत सगळ्यांत वजनदार आहे. तिथे १८९१पासून सुऱ्यांचा कारखाना आहे, मजुरी जगातल्या महागड्या मजुऱ्यांपैकी, तरीही त्यांची साधी, न मिटणारी, उत्तम धारेची सुरी म्यानासकट पंधरा-वीस डॉलरला मिळत आली आहे. तिची प्रतही खरोखर चांगली आहे. ती मुलांपासून सुतारांपर्यंत सगळे वापरतात. ही सुरी माझ्या म्हणण्याला खोडून काढत नाही, उलट आधार देते. तिथे पट्टीतून पाती यंत्राने ठोकून निघतात, नियंत्रित भट्टीत कडक होतात, यंत्रच दोन्ही बाजू घासते, प्लॅस्टिकची मूठ थेट साच्यात ओतली जाते आणि म्यानही साच्यातून निघते. माणसाचा वेळ लागतोच. तो साचा बनवण्यात, यंत्र लावण्यात, भट्टीचे तापमान ठरवण्यात आधीच घातलेला असतो आणि पुढे लाखो नगांवर वाटला जातो. एका सुरीच्या वाट्याला त्यातली काही मिनिटे येतात. ज्या कारागिराला वर्षाला शंभर सुऱ्या करायच्या आहेत त्याच्यासाठी साचा हा खर्च आहे. वर्षाला लाखो सुऱ्या करणाऱ्यासाठी ती बचत आहे. मात्र ही बचत एकाच आकारावर मिळते. पानवेलीच्या मळ्यातल्या माणसाला टोक थोडे वळलेले हवे, कोळणीला पाते लांब आणि लवचीक हवे, असे म्हटले की साचा उपयोगाचा राहत नाही आणि तास परत मोजावे लागतात.

चाळीस रुपयांच्या सुरीचा मार्गही हाच, फक्त तिथे वेळेबरोबर गुणही कमी केलेला असतो. कमी कार्बनचा स्टेनलेस पत्रा कडक होऊनही बेताचाच कडक होतो, आणि काही मालाला पाणी नीट दिलेलेच नसते. टोमॅटो चिरायला ती चालते, आणि ज्या घरात चाळीसच रुपये आहेत तिथे तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. दोन महिन्यांनी ती रेटून चालवावी लागते, आणि रेटलेली बोथट सुरी सटकते तेव्हा बोटावर येते, एवढे मात्र जाणून असावे.

आता लोहाराचा तीनशे-चारशे रुपयांचा सुरा. तिथे ना साचा आहे, ना लाखो नग. तास तर दिसतात, एकाचे नव्हे दोघांचे. मग भाव एवढा खाली कसा? कारण ते तास पैशांत मोजण्याची रीतच आपल्याकडे पडली नाही. बारा बलुतेदारांत लोहार होता. शेतकरी लोखंड आणून द्यायचा, अनेकदा भाता ओढायला किंवा घण मारायलाही उभा राहायचा, आणि लोहाराला सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळायचा. वर्षभराचे फाळ, कोयते, विळे, खुरपी यांची धार त्यात आली. त्या व्यवस्थेत एका विळ्याची मजुरी किती, हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. बलुते गेले, धान्याचा वाटा गेला. पण हत्याराची किंमत म्हणजे लोखंडाची किंमत आणि वर थोडे काही, हा अंदाज गिऱ्हाइकाच्या मनात तसाच राहिला. गावोगाव फिरणाऱ्या घिसाड्यांच्या वाट्याला हाच अंदाज जास्त कडवटपणे येतो. भटक्या जमातींत गणला जाणारा हा समाज रस्त्याच्या कडेला पाल टाकतो, खड्ड्यात भट्टी पेटवतो. पुरुष सांडशीत तापलेला पाटा धरतो आणि बाई घण घालते. गिऱ्हाईक समोर उभे राहून भाव पाडते आणि संध्याकाळचे पीठ आणायचे असल्याने भाव पडतो. घण घालणाऱ्या बाईची मजुरी त्या तीनशे रुपयांत कुठे धरली आहे, हे शोधू गेले तर सापडत नाही. त्या सुऱ्याची स्वस्ताई तिने भरून दिलेली असते. हे मला अस्वस्थ करणारे वाटते, आणि हाताने केलेली महाग सुरी पाहून ‘लोहाराकडे तर एवढ्यात मिळते’ असे म्हणताना हा हिशेब समोर ठेवायला हवा.

कराचाही इथे एक वाटा आहे. हाताने चालवायची शेतीची अवजारे, म्हणजे विळा, कोयता, कुऱ्हाड, खुरपे, जीएसटी आल्यापासून करमुक्त राहिली. सुऱ्यांवर मात्र आधी बारा टक्के होता तो १८ जुलै २०२२पासून अठरा टक्के झाला. एकाच पाट्यातून, एकाच भट्टीत घडलेली दोन पाती कशासाठी घडली यावरून दोन खणांत जातात. मालाची वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आत असलेल्या कारागिराला नोंदणीची सक्ती नाही हे खरे, पण घासपट्टे, गोंद, चामडे यांवर भरलेला कर त्याला परत मिळत नाही. तो सुरीच्या भावातच मुरतो. शस्त्र कायद्याची भीतीही लोक उगाच घेतात. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांसाठी परवान्याचा प्रश्न येतो, आणि घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेली हत्यारे त्यातूनही वगळलेली आहेत.

महाग सुरीची सगळी किंमत रास्त असते असे मात्र मी म्हणणार नाही. पात्यावरची लाटांसारखी नक्षी, जिला दमास्कस म्हणून विकतात, ती दोन पोलादांचे थर एकमेकांत दुमडून आणि मग आम्लात बुडवून उठवलेली असते. ती करायला मेहनत खरी लागते, पण आतले पोलाद आणि पाणी तेच असेल तर ती नक्षी टोमॅटो अधिक चांगला कापत नाही. चाळीस रुपयांवरून हजारावर गेले की धारेत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तीन हजारांवरून दहा हजारांवर गेले की फरक मुख्यतः मुठीच्या लाकडात, पॉलिशमध्ये आणि नावात असतो. ज्याला ते हवे त्याने घ्यावे. पण विकणाऱ्याने पोलादाचा प्रकार आणि पात्याचा कडकपणा सांगितला नाही, नुसते नाव सांगितले, तर दहा हजारांतला मोठा हिस्सा नावाचा आहे असे खुशाल समजावे. कडकपणा रॉकवेल मापात सांगतात: साध्या स्वस्त स्टेनलेस सुऱ्या पन्नाशीच्या पुढे-मागे, युरोपीय धाटणीच्या चांगल्या सुऱ्या पंचावन्नच्या आसपास, जपानी धाटणीच्या साठ किंवा वर. साठच्या पुढचे पाते धार फार टिकवते, पण हाडावर मारले तर कडेचा टवका उडतो. मासळीबाजारात ते उपयोगाचे नाही.

एवढे पाहिल्यावर वसईच्या बाबतीत एक गोष्ट खटकते. लोहार इथे आहेत, लेझरने पट्ट्या कापणारे, उष्णतेचे काम करणारे आणि पॉलिश करणारे गाळे वसई पूर्वेत आणि खाडीपलीकडे भाईंदरला आहेत, आणि पात्यावर पोट असलेली माणसेही इथेच आहेत. तरीही कोळीवाड्यातल्या बाईला चाळीस रुपयांची सुरी आणि चार हजारांची सुरी यांच्या मधले, गंज न धरणारे काही मिळत नाही. दोनशे सुऱ्यांचा एक लॉट धरला, पट्ट्या लेझरने कापल्या, भट्टी एकदाच भरली, तर एका सुरीवरचे हाताचे काम सहा तासांवरून दोन तासांवर येऊ शकते. मजुरी अडीचशे, पोलाद-मूठ-म्यान अडीचशे, पट्टे साठ, भट्टी-वीज-भाडे शंभर. कर आणि थोडा नफा धरूनही सुरी हजाराच्या आत बसते, गंज न धरणारी, बेताच्या लवचीक पात्याची, आणि कारागिराचा रोज पूर्ण मोजलेली. अडते ते दोनशे गिऱ्हाइकांच्या एकत्र मागणीपाशी, कारण एकटा लोहार एवढा माल आधी करून ठेवू शकत नाही. किनाऱ्यावरच्या मच्छीमार सहकारी संस्था डिझेल आणि बर्फ सभासदांसाठी एकत्र घेतातच. सुऱ्यांची मागणीही त्यांनी तशीच नोंदवून घ्यावी, पात्याची लांबी कोळणींना विचारून ठरवावी, आणि निम्मी रक्कम लोहाराला आगाऊ द्यावी.